डेटाबेसचा पासवर्ड नेटवर्कवर उघडा पडू नये म्हणून काय काय करायचं

बाकीचं वाचायच्या आधी एक छोटा प्रयोग करून बघा, अर्थात टेस्ट सर्व्हरवर, प्रॉडक्शनवर नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीजी_एचबीए.कॉन्फ फाईलमध्ये (कोणाला कुठून, कुठल्या पद्धतीने आत घ्यायचं ते तिथे लिहितात) एका टेस्ट युजरसाठी 'पासवर्ड' ही पद्धत लावा, दुसऱ्या मशीनवरून एसएसएलमोड=डिसेबल टाकून, म्हणजे एन्क्रिप्शन बंद ठेवून, कनेक्ट व्हा आणि तेव्हाच सर्व्हरवर ५४३२ पोर्टवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं टूल) चालू ठेवा, मोठ्या 'एक्स' ऑप्शनसह, म्हणजे डावीकडे हेक्स आणि उजवीकडे अक्षरं दिसतात. (कमांड आणि सेटिंगची नावं मी इथे देवनागरीत लिहितेय, फाईलमध्ये टाकताना रोमनमध्येच टाकायची, हे सांगायला नकोच.) पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांडलाईन क्लायंट) वापरत असाल तर दोन कनेक्शन दिसतील, घाबरू नका. पहिल्यांदा तो पासवर्डशिवाय जातो, सर्व्हर पासवर्ड मागतो, मग तो कनेक्शन तोडून तुम्हाला विचारतो आणि नव्याने जोडतो.

दुसऱ्या कनेक्शनमध्ये एक पॅकेट सापडेल, त्याची सुरुवात 'पी' या अक्षराने, त्यानंतर चार बाइट लांबीचे आणि त्यानंतर तुमचा पासवर्ड, अख्खा, जसा टाईप केला तसा. दहा अक्षरांचा पासवर्ड असेल तर लांबी पंधरा दिसते, चार बाइट लांबीचे स्वतःचे, दहा अक्षरांचे आणि शेवटी एक शून्य. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा टेस्ट म्हणून माझाच रोजचा पासवर्ड टाकला होता आणि शेजारी दोन जण स्क्रीनकडे बघत उभे होते, त्यामुळे प्रयोगानंतरचं पहिलं काम पासवर्ड बदलणं हेच झालं. तर तुम्ही काहीतरी फालतू शब्द टाका.

बरेच लोक म्हणतात की हा 'पासवर्ड' पद्धतीचा दोष आहे, आमच्याकडे एमडी५ किंवा स्क्रॅम (पासवर्ड उघडा न पाठवता तपासायच्या पद्धती) आहे त्यामुळे आम्हाला काही होत नाही. इथेच खरा घोळ आहे आणि हा सगळा लेख त्याच्यासाठीच लिहितेय: पासवर्ड कुठल्या रूपात पाठवायचा हे ठरवतो समोरचा सर्व्हर, आणि समोर खरोखर आपलाच सर्व्हर आहे की नाही हे तपासायचं काम क्लायंटचं, पण क्लायंट डिफॉल्टने ते तपासतच नाही.

आतमध्ये नक्की काय होतं

एसएसएल (म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करणं, हल्ली त्यालाच टीएलएस म्हणतात) चालू करायचं असेल तर पोस्टग्रेसचा क्लायंट आधी आठ बाइटचा एक निरोप पाठवतो, 'बाबा रे, एसएसएल बोलतोस का?' सर्व्हर उत्तर देतो फक्त एका बाइटचं. 'एस' म्हणजे हो, 'एन' म्हणजे नाही. हा प्रश्न आणि हे उत्तर दोन्ही उघडे जातात, कारण एन्क्रिप्शन अजून सुरूच झालेलं नसतं.

आता मध्ये कोणीतरी बसलाय असं धरा. फुकटचं वायफाय असेल, एआरपीमध्ये फसवाफसवी असेल, डीएनएस बिघडवलेला असेल, काहीही. तो सर्व्हरपर्यंत निरोप जाऊच देत नाही, स्वतःच 'एन' म्हणून टाकतो. तुमचा एसएसएलमोड 'प्रेफर' असेल (आणि लिबपीक्यूमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीत, डिफॉल्ट तोच आहे) तर क्लायंट म्हणतो ठीक आहे, नाही तर नाही, आणि उघड्यावरच बोलायला लागतो. मग मधला माणूस ऑथेंटिकेशनचा कोड पाठवतो. एमडी५ साठी ५, स्क्रॅमसाठी १०, आणि उघड्या पासवर्डसाठी ३. तो अर्थातच ३ पाठवतो आणि क्लायंट निमूटपणे पासवर्ड काढून देतो.

या सगळ्यात तुमच्या खऱ्या सर्व्हरवरच्या पीजी_एचबीए फाईलला कोणी काही विचारलंच नाही. तिथे तुम्ही कितीही कडक नियम लिहा, चोर त्या दारापर्यंत आलाच नाही. म्हणून सर्व्हरचं काम झालं की लोक हुश्श करतात ते चुकतं, निम्मं काम क्लायंटकडे असतं आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं निम्मं तेच.

तरी क्रम सर्व्हरपासूनच सुरू करावा लागतो, नाहीतर क्लायंट कडक केल्यावर काहीच चालणार नाही.

पहिला टप्पा: सध्या कोण कसं जोडलंय ते बघा

पीजी_स्टॅट_एसएसएल नावाचा व्ह्यू आहे, तो पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीशी पीआयडीवर जॉईन करा, म्हणजे कुठला युजर, कुठल्या आयपीवरून, एसएसएलने आलाय की उघडा, कुठलं टीएलएस व्हर्जन, सगळं एका टेबलात मिळतं. पण हा त्या क्षणाचा फोटो झाला. रात्री दोन वाजता अर्धा मिनिट जोडून निघून जाणारी स्क्रिप्ट त्यात येणार नाही. त्यासाठी लॉग_कनेक्शन्स चालू करा, लॉगमधल्या 'कनेक्शन ऑथराइज्ड' ओळीत एसएसएल असेल तर तसं लिहिलेलं असतं, आणि व्हर्जन १४ पासून कुठल्या पद्धतीने ऑथेंटिकेशन झालं तेही वेगळ्या ओळीत येतं.

हे किती दिवस चालू ठेवायचं? निदान एक पूर्ण महिना. मी एकदा आठवडाभराचा लॉग बघून, सगळं स्वच्छ आहे असं ठरवून उघडी कनेक्शनं बंद केली आणि एक तारखेला महिनाअखेरचा रिपोर्ट आलाच नाही. त्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी कधीकाळी एसएसएलमोड=डिसेबल ठोकून ठेवलं होतं, लिहिणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला.

त्याच वेळी पीजी_ऑथआयडी टेबल सुपरयुजरने उघडून रोलपासवर्ड कॉलमची सुरुवातीची दहा-बारा अक्षरं बघा. 'एमडी५' ने सुरू होणारे जुने, 'स्क्रॅम-एसएचए-२५६' ने सुरू होणारे नवे. ही यादी पुढे लागणार आहे.

दुसरा टप्पा: एमडी५ वरून स्क्रॅमवर या

एमडी५ मध्ये सर्व्हर पासवर्ड आणि युजरनेम जोडून त्याचा हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा, साठवतो. लॉगिनच्या वेळी सर्व्हर चार बाइटचा सॉल्ट, म्हणजे हॅश करताना जोडायचा जादा तुकडा, देतो, क्लायंट त्या साठवलेल्या हॅशला सॉल्ट जोडून पुन्हा हॅश करून पाठवतो. आता बघा, लॉगिन करायला लागतं काय तर साठवलेला हॅश, मूळ पासवर्ड नाही! म्हणजे कोणाच्या हाती बॅकअपमधून तो हॅश लागला तर पासवर्ड फोडायची गरजच नाही, हॅशच पासवर्ड म्हणून चालतो. शिवाय एमडी५ इतका झटपट निघतो की वायरवरून पकडलेल्या उत्तरावर अंदाज लावत बसणं अगदी स्वस्तात होतं. साठवलेल्या हॅशमध्ये युजरनेमच सॉल्ट असल्यामुळे आणखी एक गंमत होते, रोलचं नाव बदललं की त्याचा एमडी५ पासवर्ड उडून जातो. ज्याला हे माहीत नसतं तो तासभर डोकं धरून बसतो.

स्क्रॅम पोस्टग्रेसमध्ये व्हर्जन १० ला आलं, म्हणजे २०१७ मध्ये, आणि व्हर्जन १४ पासून नवे पासवर्ड डिफॉल्टने त्यातच साठवले जातात. यात सर्व्हरकडे जे साठवलेलं असतं ते वापरून क्लायंट असल्याचं सोंग आणता येत नाही, आणि लॉगिनच्या शेवटी सर्व्हरलाही सिद्ध करावं लागतं की या युजरची माहिती माझ्याकडे खरंच आहे. हॅश डिफॉल्टने ४०९६ वेळा फिरवला जातो, व्हर्जन १६ पासून हा आकडा स्क्रॅम_इटरेशन्सने वाढवता येतो, फक्त वाढवला की प्रत्येक नव्या कनेक्शनला क्लायंटकडे सीपीयू जास्त लागतो, त्यामुळे पूलर (कनेक्शनं उघडी ठेवून वाटून देणारा मधला प्रोग्राम) नसलेल्या आणि सेकंदाला शंभर कनेक्शनं उघडणाऱ्या अ‍ॅपवर जपून.

बदलायची पद्धत सोपी आहे, घाई केली तरच फसते. पासवर्ड_एन्क्रिप्शन हे सेटिंग स्क्रॅम-एसएचए-२५६ करा आणि रीलोड करा, रीस्टार्ट लागत नाही. पीजी_एचबीएमध्ये सध्या एमडी५ च राहू द्या, कारण तिथे एमडी५ लिहिलेलं असलं तरी ज्याचा पासवर्ड स्क्रॅममध्ये साठवलाय त्याच्याशी सर्व्हर आपोआप स्क्रॅमच बोलतो. मग एकेक युजरचा पासवर्ड नव्याने सेट करा. तोच पासवर्ड पुन्हा दिला तरी चालतं, पण इतकी वर्षं तो तसाच वायरवरून फिरला असेल तर नवाच द्या. मघाची यादी पुन्हा चालवा, एकही एमडी५ उरला नाही की मगच पीजी_एचबीएमध्ये स्क्रॅम-एसएचए-२५६ लिहा.

अडचण येते ती जुन्या ड्रायव्हरची. 'ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड' असा एरर आला तर तो ड्रायव्हर किंवा त्याच्या पोटातलं लिबपीक्यू १० च्या आधीचं आहे. जावाचा ड्रायव्हर ४२.२.० पासून स्क्रॅम बोलतो. अशा वेळी सर्व्हर मागे न्यायचा मोह होतो, तो आवरा आणि ड्रायव्हर अपडेट करा.

पासवर्ड बदलताना पीएसक्यूएलमधली बॅकस्लॅश-पासवर्ड कमांड वापरा. ती क्लायंटकडेच हॅश काढते आणि सर्व्हरला फक्त हॅश जातो. तेच तुम्ही हाताने 'अल्टर रोल अमुक पासवर्ड तमुक' लिहिलंत तर मूळ पासवर्ड क्वेरीत जातो, लॉग_स्टेटमेंट चालू असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये पडतो आणि तुमच्या पीएसक्यूएलच्या हिस्टरी फाईलमध्येही पडून राहतो. वायर जपायची आणि लॉग उघडा टाकायचा, याला काय अर्थ आहे.

आणि हो, स्क्रॅम आलं म्हणून टीएलएस नको असं नाही. उघड्या वायरवरचं स्क्रॅमचं बोलणं ज्याने पकडलं तो घरी नेऊन निवांत अंदाज लावू शकतो, पासवर्ड डिक्शनरीतला असेल तर आज ना उद्या सापडेल. शिवाय पासवर्ड वाचला तरी क्वेऱ्या आणि डेटा तर उघडाच जातोय.

तिसरा टप्पा: सर्व्हरचं सर्टिफिकेट

ज्यांचा डेटाबेस क्लाउडवाल्यांकडे आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, त्यांना फक्त त्या कंपनीने दिलेली रूट सर्टिफिकेटची फाईल डाउनलोड करायची असते, तीही त्यांच्या अधिकृत पानावरूनच, कोणीतरी चॅटवर पाठवलेली नाही.

स्वतःचा सर्व्हर असेल तर स्वतःचं छोटं सीए, म्हणजे 'हा सर्व्हर खरा' असं सांगणाऱ्या सर्टिफिकेटवर सही करणारं, बनवणं सगळ्यात सोपं. ओपनएसएसएलने एक रूट की आणि रूट सर्टिफिकेट बनवा, ती रूट की डेटाबेस सर्व्हरवर ठेवू नका, वेगळ्या जागी ठेवा. मग सर्व्हरसाठी की आणि सर्टिफिकेटची विनंती म्हणजे सीएसआर बनवा, आणि त्यात ज्या नावाने क्लायंट जोडणार आहेत ते नाव सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम मध्ये घाला. एकापेक्षा जास्त नावं असतील तर सगळी घाला.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी दोनदा पडलेय. सीएसआरमध्ये तुम्ही नावं व्यवस्थित घालता, मग ओपनएसएसएलच्या एक्स५०९ कमांडने सही करता, आणि सही झालेल्या सर्टिफिकेटमध्ये ती नावं नसतातच! कारण ही कमांड सीएसआरमधली एक्स्टेन्शन डिफॉल्टने टाकून देते. ओपनएसएसएल ३.० पासून कॉपी_एक्स्टेन्शन्स असं ऑप्शन आहे, त्याला 'कॉपी' द्या, किंवा जुन्या व्हर्जनवर नावं वेगळ्या फाईलमध्ये लिहून ती एक्स्टफाईल म्हणून द्या. सही झाल्यावर सर्टिफिकेट टेक्स्टमध्ये उघडून नावं डोळ्यांनी बघायची, हा नियमच करून टाका.

सर्व्हरच्या कीची परमिशन ०६०० आणि मालक पोस्टग्रेसचा युजर असायला हवा, की रूटच्या मालकीची असेल तर ०६४० चालते. यापेक्षा सैल असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही आणि लॉगमध्ये सरळ सांगतो की ग्रुपला किंवा सगळ्यांना ही फाईल वाचता येतेय. एसएसएल ऑन करा, फाईलींचे पत्ते द्या, रीलोड करा. रीलोडच्या वेळी फाईलीत चूक असेल तर पोस्टग्रेस जुनंच एसएसएल सेटिंग चालू ठेवतो, फक्त लॉगमध्ये कुरकुर करतो. म्हणून लॉग बघा, नाहीतर तुम्हाला वाटतं नवं सर्टिफिकेट लागलं आणि पुढच्या रीस्टार्टला सर्व्हर उठतच नाही.

बाहेरून तपासायला ओपनएसएसएलच्या एस_क्लायंटला स्टार्टटीएलएस पोस्टग्रेस असं सांगता येतं, १.१.१ व्हर्जनपासून. कुठलं सर्टिफिकेट येतंय, कोणाची सही आहे, कधी संपतंय, सगळं समोर येतं.

चौथा टप्पा: पीजी_एचबीए

या फाईलचा एकच नियम डोक्यात पक्का बसवा, वरून खाली वाचताना जी पहिली ओळ जुळते तीच लागू होते, तिथे नापास झालात तर पुढची ओळ बघितली जात नाही. त्यामुळे खाली कितीही सुंदर 'होस्टएसएसएल' (फक्त एसएसएलने येणाऱ्यांसाठीच्या) ओळी लिहा, वर कुठेतरी जुनी 'होस्ट ऑल ऑल आणि सगळे आयपी' अशी ओळ असेल तर तीच चालणार.

'होस्ट' च्या सगळ्या ओळी 'होस्टएसएसएल' करा आणि पद्धत स्क्रॅम-एसएचए-२५६. रेप्लिकेशनची (डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणजे रेप्लिकावर, चालू ठेवायची) ओळ वेगळी असते, डेटाबेसच्या जागी 'ऑल' लिहिलं तरी रेप्लिकेशन त्यात येत नाही, तीही बदला. 'ट्रस्ट' (पासवर्ड न विचारता आत घेणं) कुठे दिसलं तर ते कोणासाठी आहे ते शोधा आणि काढा. रीलोड करायच्या आधी पीजी_एचबीए_फाईल_रूल्स हा व्ह्यू बघा, तो फाईल जशी डिस्कवर आहे तशी वाचतो, टायपो असेल तर एररच्या कॉलममध्ये दिसतो.

एक गोष्ट चांगली आहे. खरा सर्व्हर असेल आणि क्लायंट उघडा आला तर पोस्टग्रेस पासवर्ड मागायच्या आधीच त्याला परत पाठवतो, म्हणजे चुकून पासवर्ड वायरवर पडत नाही. फक्त हे खऱ्या सर्व्हरपुरतं, खोट्याचं वर सांगितलंच.

पाचवा टप्पा: क्लायंट, म्हणजे खरं काम

एसएसएलमोडच्या सहा पायऱ्या आहेत. डिसेबल, अलाऊ आणि प्रेफर या तिन्ही आपल्या कामाच्या नाहीत. 'रिक्वायर' ऐकायला भक्कम वाटतं, पण ते फक्त एन्क्रिप्शन मागतं, कोणाशी ते विचारत नाही. मधल्या माणसाने स्वतः बनवलेलं कुठलंही सर्टिफिकेट दाखवलं तरी चालतं. म्हणजे पाकीट व्यवस्थित सीलबंद करून चोराच्याच हातात दिलं. (क्लायंटच्या होम डिरेक्टरीत रूट सर्टिफिकेटची फाईल ठरलेल्या जागी असेल तर लिबपीक्यू रिक्वायरलाही व्हेरिफाय-सीए सारखं वागवतं, पण ही जुन्यांसाठी ठेवलेली सोय आहे, तिच्या भरवशावर राहू नका.)

'व्हेरिफाय-सीए' सही तपासतं, नाव तपासत नाही. सीए फक्त तुमचं घरचं असेल तर हे बऱ्यापैकी ठीक आहे, पण सार्वजनिक सीए असेल तर उपयोग शून्य, कारण त्याच सीएकडून स्वतःच्या डोमेनचं सर्टिफिकेट कोणीही घेऊ शकतो. 'व्हेरिफाय-फुल' सही आणि नाव दोन्ही बघतं. माझं मत विचाराल तर सगळीकडे डोळे झाकून व्हेरिफाय-फुल लावा आणि बाकीच्या पाच पायऱ्या विसरून जा.

सोबत एसएसएलरूटसर्ट मध्ये तुमच्या सीएच्या फाईलचा पत्ता द्यायचा. सार्वजनिक सीए असेल तर लिबपीक्यू १६ पासून तिथे 'सिस्टम' असा शब्द देता येतो, मग ऑपरेटिंग सिस्टमचीच यादी वापरली जाते आणि व्हेरिफाय-फुलपेक्षा ढिलं काही चालतच नाही.

प्रत्येक अ‍ॅपच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये हे घालणं बरं, पण एखादी स्ट्रिंग राहतेच, म्हणून मशीनवर पीजीएसएसएलमोड आणि पीजीएसएसएलरूटसर्ट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही लावून ठेवा. लिबपीक्यू वापरणारं सगळं, म्हणजे पीएसक्यूएल, पीजी_डंप, पायथनचा सायकोपीजी, ते पाळतं. जावा आणि नोडचे ड्रायव्हर लिबपीक्यूवर नाहीत, त्यांचं वेगळं बघावं लागतं. नोडमध्ये तर 'रिजेक्टअनऑथोराइज्ड फॉल्स' ही ओळ इतक्या ठिकाणी कॉपी-पेस्ट झालेली असते की विचारू नका. सर्टिफिकेटचा एरर आला, कोणीतरी ही ओळ सुचवली, एरर गेला, सगळे खूश. एरर गेला कारण तपासणीच गेली.

लिबपीक्यू १३ किंवा पुढचं असेल तर अजून एक कडी लावा, चॅनल_बाइंडिंग=रिक्वायर. यात स्क्रॅमचं उत्तर त्या टीएलएस कनेक्शनच्या सर्टिफिकेटशी बांधलं जातं, त्यामुळे मधल्या माणसाने ते उचलून खऱ्या सर्व्हरला दिलं तरी चालत नाही. आणि समोरून कोड ३ म्हणजे उघडा पासवर्ड मागितला तर क्लायंट नकारच देतो. १६ पासून रिक्वायर_ऑथ असंही आहे, त्यात स्क्रॅम-एसएचए-२५६ लिहिलं की दुसरी कुठलीही पद्धत क्लायंट मान्य करत नाही. लेखाच्या सुरुवातीच्या हल्ल्याला अगदी नेमकं उत्तर हेच, पण व्हेरिफाय-फुलच्या जागी नाही, त्याच्या जोडीला. कारण खोटा सर्व्हर स्क्रॅमचं नाटक करून क्लायंटचं उत्तर मिळवू शकतो आणि मग घरी बसून कच्च्या पासवर्डचा अंदाज लावू शकतो.

आता मुद्दाम मोडून बघा. नावाऐवजी आयपी देऊन जोडा, 'सर्टिफिकेटमधलं नाव होस्टशी जुळत नाही' असा एरर यायला हवा. दुसऱ्याच कुठल्या सीएची फाईल देऊन जोडा, व्हेरिफाय फेल व्हायला हवं. डिसेबल करून जोडा, पीजी_एचबीएमध्ये नोंद नाही असं ऐकू यायला हवं. तिन्ही वेळा नकार मिळाला तर काम झालं. यातलं एक जरी जोडलं गेलं तर कुठेतरी सेटिंग लागलेलंच नाही, बहुतेक वेळा फाईल भलत्याच युजरच्या होममध्ये असते.

मधले लोक: पूलर, टनेल, रेप्लिका

पीजीबाउन्सरसारखा पूलर मध्ये बसलेला असेल तर प्रवास दोन तुकड्यांत होतो, अ‍ॅप ते पूलर आणि पूलर ते डेटाबेस. लोक पहिला तुकडा नीट करतात आणि दुसरा विसरतात. क्लायंट_टीएलएस_एसएसएलमोड आणि सर्व्हर_टीएलएस_एसएसएलमोड अशी दोन वेगळी सेटिंग आहेत, पूलर वेगळ्या मशीनवर असेल तर दुसरंही व्हेरिफाय-फुल हवं. त्याच्या ऑथ फाईलमध्ये उघडे पासवर्ड लिहायची गरज नाही, सर्व्हरवर साठवलेलं स्क्रॅमचं सिक्रेट जसंच्या तसं ठेवलं तर चालतं, दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं असलं पाहिजे एवढंच.

एसएसएच टनेलने जोडत असाल तर तुकडा एन्क्रिप्ट होतोच, पण लोकलहोस्टला जोडल्यामुळे सर्टिफिकेटचं नाव जुळत नाही आणि लोक व्हेरिफाय-फुल काढून टाकतात. त्याची गरज नाही. 'होस्ट' मध्ये खरं नाव द्या आणि 'होस्टअ‍ॅड्र' मध्ये १२७.०.०.१, मग लिबपीक्यू जोडतं लोकलला आणि नाव तपासतं खरं. टनेल पहिल्यांदा उघडताना एसएसएच जे फिंगरप्रिंट दाखवतं त्याला न वाचता 'येस' म्हणायचं नाही, तिथेही प्रश्न तोच आहे, समोर कोण आहे.

रेप्लिकाचं प्रायमरी_कॉनइन्फो हीसुद्धा एक क्लायंटचीच स्ट्रिंग आहे, तिलाही प्रेफर हेच डिफॉल्ट लागतं. बॅकअपच्या स्क्रिप्टा, मॉनिटरिंगचा एजंट, डेव्हलपरच्या लॅपटॉपवरचं जीयूआय टूल, सगळे त्याच रांगेत. पासवर्ड कमांडलाईनवर देऊ नका, तो प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो, पीजीपास फाईल वापरा आणि तिची परमिशन ०६०० ठेवा, सैल असेल तर लिबपीक्यू ती फाईल बघतच नाही.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी

तत्त्व तेच, नावं वेगळी. ८.० पासून डिफॉल्ट प्लगइन कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड आहे, जुनं मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड ८.४ मध्ये डिफॉल्टने बंद झालं आणि ९.० मध्ये काढूनच टाकलं. नव्या प्लगइनमध्ये सर्व्हरच्या कॅशमध्ये नोंद नसेल तर पूर्ण पासवर्ड पाठवावा लागतो, तो एकतर टीएलएसमधून किंवा सर्व्हरच्या आरएसए पब्लिक कीने एन्क्रिप्ट करून. जावामध्ये 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाऊड' हा एरर त्यातूनच येतो, आणि त्यावर सगळीकडे मिळणारा उपाय म्हणजे अलाऊपब्लिककीरिट्रीव्हल=ट्रू सोबत यूजएसएसएल=फॉल्स. याचा अर्थ समोरचा जी की देईल ती घ्यायची आणि तिने पासवर्ड बंद करून त्यालाच द्यायचा. मधल्या माणसाने स्वतःची की दिली तर संपलं. खरा उपाय टीएलएस चालू ठेवणं.

क्लायंटला एसएसएल-मोड=व्हेरिफाय_आयडेंटिटी द्या, डिफॉल्ट प्रिफर्ड असतं आणि ते पोस्टग्रेसच्या प्रेफरइतकंच भोळं. सर्व्हरवर रिक्वायर_सिक्युअर_ट्रान्सपोर्ट ऑन करा. मात्र पोस्टग्रेससारखं इथे नाही, क्लायंट उघडा आला तर तो पासवर्डपासून बनवलेलं उत्तर पहिल्याच पॅकेटात पाठवून मोकळा होतो आणि सर्व्हर नकार देतो त्यानंतर. म्हणून इथे क्लायंटचं सेटिंग अजूनच महत्त्वाचं. मायएसक्यूएल सुरू होताना स्वतःच सर्टिफिकेट बनवून घेतं, पण त्यात तुमच्या होस्टचं नाव नसतं, तेव्हा व्हेरिफाय_आयडेंटिटीसाठी आपलं बनवावंच लागतं.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या टीडीएस प्रोटोकॉलमध्ये तर पासवर्डच्या प्रत्येक बाइटचे दोन अर्धे उलटून एका ठरलेल्या आकड्याशी एक्सऑर केलेलं असतं, ते कोणीही उलटं करू शकतं. खरं संरक्षण लॉगिनच्या पॅकेटभोवती असलेल्या टीएलएसचं. ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून एन्क्रिप्ट डिफॉल्टनेच चालू असतं, त्यामुळे अपग्रेड केल्यावर सर्टिफिकेटचा एरर येतो आणि लोक ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=येस टाकतात. नोडची ती ओळ आणि ही, दोघी सख्ख्या बहिणी.

सर्टिफिकेट संपतं त्या दिवशी

सगळं नीट लावल्यावर एक दिवस सर्टिफिकेटची मुदत संपते, सगळी अ‍ॅपं एकदम बंद पडतात, फोन वाजायला लागतात आणि कोणीतरी 'आत्तापुरतं' रिक्वायर करून टाकतं. ते आत्तापुरतं पुढची तीन वर्षं तसंच राहतं. म्हणून मुदतीच्या महिनाभर आधी इशारा देणारा चेक आजच लावा, वर सांगितलेली एस_क्लायंटची कमांड रोज चालवून तारीख बघितली तरी पुरे. आणि रिपॉझिटरीत महिन्यातून एकदा हे शब्द शोधा: एसएसएलमोड=रिक्वायर, एसएसएलमोड=प्रेफर, रिजेक्टअनऑथोराइज्ड, यूजएसएसएल=फॉल्स, अलाऊपब्लिककीरिट्रीव्हल, ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट. माझ्याकडे पहिल्यांदा शोधलं तेव्हा चौदा ठिकाणी सापडलं होतं, त्यातल्या दोन फाईली मीच लिहिलेल्या.